आई-बाबांना लंडनला बोलावताय?

गेल्या दोन महिन्यांत मला एकाच विषयावर चार फोन आले. चारही आपल्या मंडळातल्याच घरांतून. मुलगा किंवा मुलगी लंडनला नोकरीला, दोन-तीन वर्षांत जरा स्थिरस्थावर झालेली, आणि आता आई-बाबांना उन्हाळ्यात तिकडे न्यायचंय. "काकू, काय काय दाखवायचं ते सांगा ना, यादी करून द्या."

यादी मी देणार नाही. लंडन ब्रिज, राणीचा वाडा, ते मोठं घड्याळ, हे सगळं तुमच्या फोनवर आहे आणि ते चार दिवसांत बघून होतं. आई-बाबा मात्र येतात तीन महिन्यांसाठी, कधी पाच. तुमची सुट्टी संपते, तुम्ही सकाळी आठला बाहेर पडता, संध्याकाळी सातला येता. मधले अकरा तास ते काय करतात? मला विचाराल तर सगळी तयारी त्या अकरा तासांची करायची.

माझे धाकटे दीर हॅरोला राहतात. मामाजी आणि आत्याबाई २०१९ मध्ये पहिल्यांदा तिकडे गेले, आणि दीड महिन्यातच मामाजींनी परतीचं तिकीट बदलून मागितलं. सगळं होतं घरात. टीव्हीवर मराठी चॅनेल होतं, फ्रिज भरलेला होता, शनिवार-रविवार फिरणंही होई. पण सोमवार ते शुक्रवार दोघं खिडकीशी बसून. फोनवर मामाजी मला म्हणाले, "गोठ्यातल्या बैलालेबी दिवसातून एकडाव सोडतेत. मी त इथं बांधलेलाच हावो." ७० वर्षं स्वतःच्या वावरात स्वतःच्या मर्जीनं फिरलेला माणूस. त्याला लंडन नको झालं नव्हतं, त्याला कुणाच्या तरी सोबतीशिवाय दाराबाहेर पाऊल टाकता येईना, ते सहन होत नव्हतं.

२०२४ च्या मे महिन्यात ते पुन्हा गेले, तेव्हा पहिले तीन आठवडे मी सोबत होते. त्या वेळी जे केलं आणि ज्याचा उपयोग झाला, ते सांगते.

सुरुवात कागदांपासून. आपल्याकडे नावांचा घोळ फार. शाळेच्या मेमोवर आडनावाचं नुसतं आद्याक्षर पुढे, आधारवर वेगळं, बँकेत तिसरंच. त्यात आपल्या आयांचं लग्नात नाव बदललेलं. माहेरची कुसुम, सासरची सुनंदा, आणि जमिनीच्या कागदावर अजून कुसुमच. पासपोर्ट काढतानाच हे सगळं एका नावावर आणा, आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. मग पासपोर्टवर जसं नाव, अक्षर न् अक्षर तसंच तिकिटावर आणि विम्यावर. व्हिसासाठी बोटांचे ठसे हैदराबादला देता येतात. साधा पाहुण्याचा व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहू देतो, आणि अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, त्याआधी नाही.

शेतकरी घरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. नोकरदाराचं सोपं असतं, पगाराची स्लिप जोडली की झालं. आपला पैसा कापसाचा. तो दिवाळीनंतर दोन-तीन महिन्यांत खात्यात येतो आणि नंतर सात महिने खातं शांत. व्हिसा देणाऱ्या साहेबाला आपलं हे पीकपाणी कसं कळावं? म्हणून बँकेच्या स्टेटमेंटला कापूस विक्रीच्या पावत्या, पट्टेदार पासबुक आणि एक साधं इंग्रजी पत्र जोडा, की हा पैसा शेतीचा आहे, वर्षातून एकदाच येतो. तेलुगू किंवा मराठीतला जो कागद असेल त्याचं इंग्रजी भाषांतर हवं, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क असलेलं. आणि एक काम अजिबात करू नका. अर्जाच्या आठ दिवस आधी पाहुण्यांकडून चार लाख उसने घेऊन खात्यात टाकायचे, म्हणजे शिल्लक बरी दिसेल, ही पद्धत आपल्या भागात फार आहे. कुठून आले हे सांगता न येणारे पैसे खात्यात असण्यापेक्षा कमी शिल्लक परवडली.

विमा आदिलाबादहून निघायच्या आधी घ्या, आणि शुगर, बीपी, झालेली अँजिओप्लास्टी, सगळं खरं लिहा. पैसे वाचवायला लपवलं तर ऐनवेळी विमा कंपनी हात वर करते. तिथल्या सरकारी दवाखान्याबद्दल आपल्याकडे समज आहे की सगळं फुकट. पाहुण्यासाठी तसं नाही. अपघात विभागात तपासतील त्याचे पैसे घेत नाहीत, पण पुढे दाखल करून घेतलं की बाहेरच्या माणसाला खर्चाच्या दीडपट बिल लागतं. तातडीचा नंबर ९९९, आणि "एवढं तातडीचं नाही पण विचारायचंय" यासाठी १११. दोन्ही नंबर आईच्या फोनमध्ये घालून ठेवा.

गोळ्या हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत नको, बॅग मागे राहिली तर? मूळ पाकिटासकट, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, आणि जितके दिवस राहणार त्यापेक्षा पंधरा दिवसांच्या जास्त. झोपेच्या किंवा तीव्र दुखण्याच्या काही गोळ्यांवर तिकडे कडक नियम आहेत, त्या असतील तर चिठ्ठी हवीच. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, आणि इन्सुलिन असेल तर तेही, कसं सरकवायचं हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्या.

खाण्याचं सामान नेताना आया ऐकत नाहीत, तरी सांगा. तूप, खवा, पेढे, दुधाचं काहीही नेता येत नाही, मटणाचंही नाही. ताजी भाजी, कढीपत्ता राहू द्या. तिखट, काळा मसाला, पापड, कुरड्या, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. ज्वारीचं पीठ नेण्याची गरज नाही. वेंब्ली, साउथहॉल, ईस्ट हॅम इथल्या आपल्या दुकानांत ते मिळतं. आत्याबाईंनी तरी पाच किलो नेलंच. आपल्या वावरातल्या ज्वारीची भाकरी वेगळी लागते, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

कपड्यांचं थोडक्यात. आपण मे महिन्यात ४४-४५ अंशांतून निघतो आणि तिथे १५ अंशांत उतरतो. एक जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालायचे तीन पातळ थर न्या. घरात हीटर असतो, बाहेर वारा. पायात मात्र चप्पल-सँडल नको, पावसात न घसरणारे बूट आदिलाबादलाच घ्या आणि महिनाभर इथे वापरून मऊ करा. आत्याबाई जोगव्याच्या वेळी सुद्धा कधी बूट घालतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण लुगड्याखाली पांढरे बूट घालून त्या हॅरोभर फिरल्या.

विमान कंपनीला निदान दोन दिवस आधी सांगून व्हीलचेअर मागवा. चालता येत असलं तरी. तिचे पैसे पडत नाहीत, आणि चालण्यापेक्षा तिचा खरा फायदा म्हणजे रांगेत, तपासणीत, गेट बदललं तर, सोबत एक माणूस असतो. "मी का लंगडा हावो?" असं मामाजी म्हणणारच. त्यांना सांगा, ही चाकाची खुर्ची नाही, हा वाटाड्या आहे. खिशात एक कागद असू द्या: कोणाकडे जातोय, पत्ता, फोन, किती दिवस, परतीची तारीख. अधिकाऱ्यानं काही विचारलं आणि समजलं नाही, तर घाईनं "यस यस" म्हणायचं नाही. "मराठी" म्हणायचं आणि तो कागद पुढे करायचा.

आता त्या अकरा तासांकडे येते.

पहिल्या आठवड्यात आम्ही कुठलंच प्रेक्षणीय स्थळ बघितलं नाही. आम्ही एक बस शिकलो. दिरांच्या घराजवळून १८२ नंबरची बस जाते, ती वेंब्लीला नेते. तिथे उतरलं की एलिंग रोडवर आपली भाजी, आपलं वाण्याचं दुकान, पुढे मोठं सनातन मंदिर. पहिल्या दिवशी मी पुढे, ते मागे. दुसऱ्या दिवशी ते पुढे, मी मागे. तिसऱ्या दिवशी मी बसच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसले आणि ते दोघं खाली, जणू आमची ओळख नाही. चौथ्या दिवशी मी घरीच राहिले. दोन तासांनी दोघं मेथीच्या दोन जुड्या घेऊन परत आले. मेथी कशी दिली हे मामाजींनी रुपयांत सांगितलं आणि त्यावर अर्धा तास बोलले.

भुयारी रेल्वेपेक्षा म्हाताऱ्या माणसाला बस बरी. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ सालची, जगातली पहिली. त्यामुळे अभिमान बाळगायला ठीक, पण सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही आणि गुडघे दुखणाऱ्याला ते जड जातं. नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेली स्टेशनं तेवढी निवडा. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन त्यातल्या त्यात सोपी, तिच्या सगळ्या स्टेशनांवर पायऱ्यांशिवाय जाता येतं, आणि हिथ्रो विमानतळावरून शहरात यायलाही तीच बरी. बसमध्ये मात्र खिडकीतून रस्ता दिसतो, पुढचा थांबा बोलून सांगतात आणि पाटीवरही येतो, पुढच्या जागा म्हाताऱ्यांसाठी असतात, आणि चुकीच्या थांब्यावर उतरलं तरी समोरच्या बाजूला जाऊन परतीची बस धरता येते. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना मान आपोआप बरोबर बाजूला वळते. अमेरिकेला जाणाऱ्यांना हे सुख नाही.

बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. कार्ड टेकवायचं. चढताना एकदाच, उतरताना नाही. रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड हवं, एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. आपलं साधं रुपे कार्ड तिथे टेकवून चालत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं, आणि त्याचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घ्यावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा बसचं भाडं १.७५ पौंड होतं, आणि त्यात पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात आणखी कितीही बसा बदलता येत होत्या. निघण्याआधी ताजं भाडं बघून घ्या. साठीच्या वरच्यांचा फुकट पास असतो म्हणून कुणी सांगेल, तो तिथल्या रहिवाशांना मिळतो, पाहुण्यांना नाही. रेल्वेनं जायचं तर सकाळी साडेनऊनंतर निघा, गर्दी आणि भाडं दोन्ही उतरलेलं असतं.

भाड्यावरून आठवलं. मामाजी पौंडाचे रुपये करत नाहीत, पौंडाचा कापूस करतात. चार पौंडांची कॉफी पाहून म्हणाले, "सहा किलो कापूस झाला हा." त्या वर्षीच्या हमीभावानं हिशेब अगदी बरोबर होता. आई-बाबा असे हिशेब करणारच, त्यावर चिडू नका. त्यापेक्षा आठवड्याला ठरावीक पौंड त्यांच्या हातात द्या आणि "कशावर खर्च केले" असं विचारू नका. इथे आपण मुलांना खाऊला पैसे देतो, तिकडे उलटं होतं. दर वेळी मुलाकडे मागावं लागलं तर ते मागणारच नाहीत, आणि बाहेरही पडणार नाहीत.

बाहेर न पडण्याचं आणखी एक कारण असतं, जे आई कधीच बोलून दाखवणार नाही. बाथरूम. साठीनंतर बाहेर निघताना पहिली काळजी तीच. आत्याबाई निघायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. त्यांना ठिकाणं दाखवून ठेवा: मोठ्या रेल्वे स्टेशनांवर २०१९ पासून पैसे पडत नाहीत, संग्रहालयांत आणि मोठ्या सुपरमार्केटांत असतात. आत पाणी नसतं, कागद असतो. पिशवीत एक छोटी रिकामी बाटली असली की प्रश्न मिटला. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, त्यामुळे बाटली भरायलाही अडचण नाही.

फोनबद्दल दोन गोष्टी. भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. रोमिंगचं स्वस्त पॅक टाकून ते चालू ठेवा आणि बोलण्यासाठी तिकडचं सिम घ्या. दुसरं, रस्त्यावर उभं राहून फोन हातात धरून नकाशा बघायचा नाही. सायकलवरून येऊन फोन हिसकावणारे लंडनमध्ये पुष्कळ आहेत. नकाशा दुकानात शिरून, भिंतीकडे पाठ करून बघायचा. आणि फोन गेलाच तर म्हणून घराचा पत्ता पोस्टकोडसकट एका कागदावर, पर्समध्ये. तिकडे पोस्टकोड म्हणजे अर्धी गल्लीच असते, तेवढ्यावर माणूस घरी पोचतो.

जूनमध्ये तिथे रात्री नऊ-सव्वानऊपर्यंत सूर्य मावळत नाही. आत्याबाईंना दिवेलागणीचं कोडं पडलं. उजेड असताना दिवा लावायचा की नऊपर्यंत थांबायचं? शेवटी घड्याळात सात वाजले की दिवा, असं त्यांनीच ठरवलं. तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल, पण दिवसाला असे दोन-चार खुंटे असले की माणूस घरात रुळतो. डिसेंबरात उलट, चारच्या आत अंधार. म्हणून पहिल्यांदा बोलावत असाल तर मे ते ऑगस्ट, हिवाळा नको.

आता बघण्याचं थोडंसं, कारण यादीवाचून तुम्ही मला सोडणार नाही. पण मी आपल्या ओळखीचंच सांगेन. किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं. उघडं असण्याचे दिवस-वेळा आधी बघून जा. ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही, आणि तिथे ३३ए क्रमांकाच्या दालनात अमरावतीच्या स्तूपाचे दगड आहेत. आपली विदर्भातली अमरावती नव्हे हं, कृष्णाकाठची, आंध्रातली. आत्याबाई दालनात शिरेपर्यंत विदर्भातलीच समजून चालल्या होत्या. डॉलिस हिलला १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे. एका रविवारी तिथे घेऊन जा, मग पुढच्या रविवारी कुठे न्यायचं हे तुम्हाला ठरवावं लागणार नाही.

आणि ब्रिटिश म्युझियमच्या मागेच, चालत पाच-सात मिनिटांवर, सोआस नावाचं विद्यापीठ आहे. आदिलाबादच्या माणसानं तिथे जायला हवं, असं माझं मत आहे. आपल्या मारलवाईला, आता ते आसिफाबाद जिल्ह्यात गेलं, हायमेनडॉर्फ साहेबांची आणि त्यांच्या पत्नीची समाधी आहे, तेच हायमेनडॉर्फ इथे १९५१ पासून प्राध्यापक होते. कोमरम भीमच्या लढ्यानंतर निजाम सरकारनं त्यांना गोंडांची स्थिती समजून घ्यायला आणलं. मारलवाईला त्यांनी गोंडी शाळेचं केंद्र सुरू केलं आणि गोंडी वाचनाची पुस्तकं निघाली ती देवनागरीत. आपल्या भागात त्यांनी काढलेले फोटो सोआसच्या संग्रहात आहेत. बरेच इंटरनेटवरही बघता येतात. मूळ कागद बघायचे तर आधी ईमेल करून परवानगी घ्यावी लागते. आम्ही नुसते बाहेरच्या बाकावर बसलो आणि दिरांनी फोनवर फोटो दाखवले. मामाजी एकेक फोटो बोटानं मोठा करून बघत होते. माणसांकडे कमी, बैलांकडे, घरांच्या कुडांकडे आणि मागच्या डोंगराकडे जास्त. "हे झाड अजून हाये," म्हणाले एका फोटोला. असेल किंवा नसेल, मी काही बोलले नाही. त्या दिवशी परत येताना त्यांनी स्वतः बस विचारली. वाहनतळावरच्या माणसाला, हिंदीत. आणि त्यानं हिंदीतच सांगितली.

ते दोघं या वेळी पूर्ण मुक्काम राहिले. पोळ्याला मात्र परत आले, बैलांसाठी.

परतीचंही सांगून ठेवते. हैदराबादला उतरून लगेच तीनशे किलोमीटर गाडीनं आदिलाबादला यायचं, हे सगळे करतात. झोप न झालेली सत्तरीतली माणसं सात तास बसून राहिली की पाय सुजतात. एक रात्र हैदराबादला कुणाकडे थांबा. नागपूर आपल्याला जवळ, दोनशे किलोमीटर, पण तिथून मधे एक विमान बदलावं लागतं. म्हाताऱ्यांना हैदराबादहून थेट लंडनचं विमान बरं. तिकीट थोडं महाग पडलं तरी ते घ्या, आणि आत्ताच बघायला लागा. मे महिन्याची तिकिटं फेब्रुवारीनंतर वाढत जातात.